बडेबाबूंची समोरची खुर्ची

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी रुजू होण्याचा अर्ज घेऊन बडेबाबूंच्या टेबलासमोर उभी राहिले, तेव्हा ते उठले आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बसा." मी बसले. ते टेबलाला वळसा घालून समोरच्या लोखंडी खुर्चीत बसले, माझा अर्ज माझ्या हातातून घेतला, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि नम्रपणे म्हणाले, "नमस्कार बडेबाबू. मी नवीन रुजू झाली. मले कुठी बसवता?"

माणूस ठिकाणावर नाही, असं मला वाटलं. पण चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. मी खोलीभर नजर फिरवली. खिडकीजवळची जागा चांगली होती, पण वर छत गळल्याचे डाग होते. दाराशी ठेकेदारांची वर्दळ होती. "टेंडरच्या कपाटाशेजारी," मी म्हणाले.

"मंजूर. आता उद्या तिथी उकडलं तं माह्याशी भांडू नोका इंगळेबाई. तुमीच बसवलं तुमाले."

तिथे भयंकर उकडायचं. मी चार वर्षांत एकदाही तक्रार केली नाही.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीमच्या एका सरकारी बांधकाम कार्यालयात सुखदेव सिरसाट हेडक्लार्क होते, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत बडेबाबू. गाव केनवड. उंच, काटकुळे, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं. मी रुजू झाले त्याच सुमाराला वरून परिपत्रक आलं होतं: ठेकेदारांशी होणारे वाद कोर्टात जाण्याआधी आपसात मिटवावेत आणि ते कसे मिटवावेत याचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावं. प्रशिक्षण कसं द्यावं, हे परिपत्रकात नव्हतं. साहेबांनी कोपऱ्यात 'बडेबाबू' असं लिहून कागद पुढे सरकवला.

बडेबाबूंनी दर बुधवारी दुपारी वर्ग सुरू केला. शिकवण्याचं साहित्य म्हणजे दोन खुर्च्या. लाकडी, हातांची खुर्ची कार्यालयाची. लोखंडी, घडीची ठेकेदाराची. दोन्ही पक्षांनी बसायचं, आपापलं म्हणणं मांडायचं, आणि बडेबाबूंनी टाळी वाजवली की खुर्च्या बदलायच्या. मग ज्या खुर्चीत बसलात तिच्या बाजूने भांडायचं, तेही मनापासून. "खुर्ची सांगन ते बोलाचं. आपलं डोकं भाईर चपलांपाशी ठेवाचं," हा त्यांचा एकमेव नियम.

वर्गाचा पहिला खरा खटला मेडशी रस्त्याच्या मुरमाचा होता. गफूरभाई ठेकेदार म्हणत होते की मुरूम टाकला आणि पावसाने वाहून गेला. आमचे ओव्हरसीयर कडू म्हणत होते की टाकलाच नाही, तर वाहील काय. अर्धा तास नुसता आरडाओरडा चालला. मग टाळी वाजली.

लोखंडी खुर्चीत बसताच कडूंचा आवाज बदलला. "साहेब, ट्रक फसला होता तिथी. चिखलात उभं राहून मजुरायनं टोपल्यांनी मुरूम टाकला. अन् हा तुमचा ओव्हरसीयर त्या दिवशी आलाच नाई, घरी होता!" हे बोलून कडू स्वतःच चपापले, कारण ते खरोखरच घरी होते.

लाकडी खुर्चीत गफूरभाई मांडीवर थाप मारून गरजले, "कोन ठेकेदार? गफूर? त्याच्यावर भरोसा नाई ठेवता येत! मी त्याले लहानपनापासून वळखतो! टाकला असंन तं अर्धाच टाकला असंन!"

बडेबाबू म्हणाले, "अर्धा. ठीक हाय. लिवून घ्या." गफूरभाई उरलेला मुरूम टाकायला कबूल झाले आणि जाताना माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाले, "बाई, हा मानूस लय खतरनाक हाय. मले माह्याच तोंडून पकडलं."

माझ्या टिपणवहीत अशा एकोणीस तडजोडींची यादी आहे. त्यांतली एकही पुढे कोर्टात गेली नाही.

पण या पद्धतीचा एक दुष्परिणाम होता. बडेबाबूंना स्वतःची बाजू घेताच येईना. एकदा आम्ही कारंज्याच्या एसटीत चढत होतो. गाडी भरली म्हणून कंडक्टरने हात आडवा केला. मी भांडायला लागले. बडेबाबूंनी कंडक्टरकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि मागच्या माणसांना समजावू लागले, "त्याचं बराबर हाय. चाक बसलं तं जवाबदारी कोनाची?" त्यांनी इतकं पटवलं, की आधी आत बसलेले दोघेजणही खाली उतरले. पुढची गाडी दोन तासांनी आली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एका उन्हाळ्यात त्यांच्या निवृत्तीची नोटीस आली, दोन वर्षं आधी.

शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने जन्मतारीख टाकली होती आणि अंदाज दोन वर्षांनी चुकला होता. खरी तारीख गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे कोतवाल बुकात होती. त्यांच्या पत्नी कौसल्याबाई स्वतः केनवडला जाऊन तिची नक्कल घेऊन आल्या आणि थेट माझ्या घरी आल्या. "बाई, सुनंदाची कालेजची दोनच वर्सं राह्यली. अकोल्याले होस्टेलात हाय पोरगी. आमचा मानूस तं बोलनार नाई. तुमी बोला."

अडचण अशी होती, की आस्थापनेचं काम माझ्याकडे असल्याने कार्यालयाची बाजू मलाच मांडायची होती. सुनावणीला अकोल्याहून मोठे साहेब आले. त्यांना आमच्या वर्गाचं भारी कौतुक. म्हणाले, "तुमच्याच पद्धतीने होऊ द्या." मी दोन याद्या करून नेल्या होत्या. वरच्या यादीत कार्यालयाचे सात मुद्दे होते. खालच्या यादीत बडेबाबूंच्या बाजूचे अकरा.

मी लाकडी खुर्चीतून सात मुद्दे भरभर वाचून टाकले. बडेबाबूंनी लोखंडी खुर्चीतून नक्कल पुढे ठेवली आणि "माही तारीख हे हाय" एवढंच म्हणाले. मग, टाळी वाजवणारे तेच असल्यामुळे, त्यांनीच टाळी वाजवली.

मी कुजबुजले, "बडेबाबू, आज नोका बदलू खुर्ची."

"मंग शिकवलं कायले वं एवढे दिवस?"

मी लोखंडी खुर्चीत बसून अकराच्या अकरा मुद्दे मांडले. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, "या माणसाला कार्यालयाने सोडता कामा नये," असंही म्हणाले. बडेबाबू शांतपणे लाकडी खुर्चीतून बोलू लागले.

"साहेब, हा सिरसाट तीस वर्सं काहून गप होता? साऱ्या कार्यालयाच्या तारखा तपासे, सोताची सोडून. अन् मागच्या साली चौकीदार असाच कागद घेऊन आला, तं यानंच त्याले नियम दाखवून वापस धाडलं. चौकीदाराले एक नियम अन् बडेबाबूले दुसरा? जाऊ द्या याले घरी."

चौकीदार दारातच उभा होता. त्याने मान खाली घातली. मी माझी अकरा मुद्द्यांची यादी घडी करून ठेवली.

मोठे साहेब मात्र यातलं काही ऐकू शकले नाहीत. खुर्च्या बदलताक्षणीच त्यांना ट्रंककॉल आला होता आणि शेजारच्या खोलीत ते "हॅलो, हॅलो" करत होते. सगळं टिपून घेत होता त्यांच्याबरोबर आलेला लघुलेखक. त्याने आमचा वर्ग केलेला नव्हता. त्याने खुर्च्या पाहिल्या नाहीत, माणसं पाहिली.

पंधरा दिवसांनी अकोल्याहून आदेश आला: 'कर्मचारी श्री. सिरसाट हे निवृत्त होण्यास उत्सुक असून कार्यालय त्यांना सोडण्यास मुळीच तयार नाही. उभय पक्षांचा मान राखून त्यांना एक वर्ष सेवेत ठेवण्यात येत आहे.' खाली मोठ्या साहेबांचा शेरा होता: 'तडजोडीचा उत्तम नमुना. इतर कार्यालयांनी अभ्यासावा.'

बडेबाबू लगेच लोखंडी खुर्चीत दुरुस्तीचं पत्र लिहायला बसले. ज्यात नोंद झाल्याशिवाय पत्र बाहेर जात नसे, ते जावक रजिस्टर मी उचलून छातीशी धरलं. "आधी खुर्ची बदला," मी म्हणाले.

ते उठले आणि लाकडी खुर्चीत जाऊन बसले. मी म्हणाले, "आता कार्यालयाचं म्हननं काय हाय ते वाचा. आदेशात लिवलं हाय."

त्यांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. "कार्यालय म्हंते, सिरसाटले सोडत नाई," ते हताशपणे म्हणाले.

"मंग? खुर्ची सांगन ते बोलाचं."

मग त्यांनी पत्राचे चार तुकडे केले आणि नीट घडी करून खिशात ठेवले. कागद खाली टाकणं त्यांना आवडत नसे. त्या एका वर्षातलं त्यांचं पहिलं काम म्हणजे चौकीदाराचा जुना अर्ज शोधून, त्यावर स्वतःचा आदेश नमुना म्हणून जोडून, तो पुन्हा वर पाठवणं. चौकीदारालाही एक वर्ष मिळालं.

दुसरं वर्ष मात्र मिळालं नाही. ते केनवडला परतले आणि सुनंदाचं शेवटचं वर्ष कौसल्याबाईंनी शिलाई मशीनवर काढलं. ती पदवीधर झाली. कौसल्याबाईंना जाड भिंगांचा चष्मा लागला.

त्यानंतर तीनच वर्षांनी बडेबाबू गेले. मी केनवडला गेले तेव्हा ओसरीत बुद्धाच्या तसबिरीखाली दोन खुर्च्या समोरासमोर ठेवलेल्या होत्या. मी कडेच्या बाजेवर बसायला लागले, तर कौसल्याबाई म्हणाल्या, "तिथी नाई. त्या खुर्चीवर बसा. ते त्यायची."

मी बसले. सांत्वनाला काय बोलावं याचीही मी यादी करून नेली होती. ती पर्समध्येच राहिली.

कौसल्याबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. "पस्तीस वर्सं संसार केला बाई, पन हा मानूस माह्याशी एकडाव भांडला नाई. मी तोंड उघडलं का तेच माह्याकडून बोलत. मी म्हनो, तुमाले दोन वर्सं पाह्यजे होती का नाई, एवढं तं सांगा. तं म्हनत, तुहं बराबर हाय, तुले लय तरास झाला. अवं, मी माहं नाई इचारत, तुमचं इचारतो!" त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "आता तुमी बसल्या हा त्या खुर्चीवर. बोला त्यायच्याकडून."

मी खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवले. डोकं बाहेर चपलांपाशी होतं.

"सुनंदाची माय," मी म्हणाले, "मले दोन्हीई वर्सं पाह्यजे होती."

कौसल्याबाई चष्मा डोळ्यांवर चढवत, कित्येक वर्षांचं भांडण एकदाचं जुंपल्यासारख्या फणकाऱ्याने म्हणाल्या, "मंग तवाच काहून नाई सांगतलं?"