दादाच्या स्लॅबची लाह

बा गोठ्यात उकिडवा बसून जेवत होता. हातावर सिमेंट वाळलेलं. धुवायला पाणीही कोणी दिलं नव्हतं. दहा पावलांवर मांडवात टेबलं लावली होती, तिथं शहाद्याकडचे चार पाहुणे बसलेले. बागायतदार माणसं. एकाने बाच्या दिशेने बोट केलं आणि दादाला विचारलं, "हाऊ डोकरा कोन शे?"

दादा म्हणाला, "मजूर शे. कामले येल शे."

दादा म्हणजे माझ्या बाच्या सख्ख्या भावाचा मुलगा. त्याला वाटलं, डोंगरातल्या बाला सपाटीवरची अहिराणी कुठं कळणार. अरे, बाची उमर गेली मोलगीच्या बाजारात व्यापाऱ्यांना चारोळी विकण्यात. त्याला सगळं कळलं. घास हातातच राहिला. मग त्याने तो खाल्ला.

आम्ही मजूर नव्हतो, दादाच्या नव्या घराचा स्लॅब टाकायला लाहेला आलो होतो. आमच्या डोंगरात घर बांधायचं, शेत निंदायचं, तर घरधनी आदल्या दिवशी दारोदार जातो आणि स्वतः बोलावतो. घरटी निदान एक माणूस येतो. पैसा नाही. घरधनी स्वतः वाढतो, सगळ्यांच्या पंगतीत बसतो, आणि तुमच्या लाहेला न चुकता येतो. दादा आश्रमशाळेत होता तेव्हा त्याचं घर जळालं. पाड्याने चार दिवसांत उभं केलं. मधला खांब बाने खांद्यावरून आणला होता.

हा दादा आधी असा नव्हता, हेही सांगते. वनजमिनीच्या दाव्यांसाठी तोच आम्हाला तहसीलला चालत घेऊन गेला. साहेब म्हणाला, खाली जमिनीवर बसा. दादा उभाच राहिला. त्या दिवशी मला त्याच्यासारखं व्हायचं होतं. मग तो पंचायत समितीवर निवडून आला. आमच्याशी घरातसुद्धा मराठीत बोलायला लागला. आता त्याला जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं आणि ते या चार पाहुण्यांच्या शब्दावर अडलं होतं. गरज सरो, वैद्य मरो.

पण दादाला शिव्या देऊन मी सुटत नाही. या लाहेला बोलवायला तो दारोदार गेलाच नाही. त्याने मला पाठवलं, आणि मी गेले. अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती, लाहेच्या दुसऱ्या दिवशी मुलाखत होती. तो म्हणाला होता, "तुझं मी बघतो." आमच्या घरात पगार कधी आला नाही. मला ती नोकरी पाहिजे होती, खूप पाहिजे होती.

शेजारच्या झिंगीआजीचे गुडघे सुजलेले. म्हणाली, पोरी, या वेळी मला सोड. मी म्हणाले, "घरकुलाची यादी दादाच्या हातात आहे, आजी. बघ बाई तुझं तू." जीभ झडली नाही माझी. उलट बरं वाटलं. ती घाबरली आणि मला बरं वाटलं. आजी आली. दुपारपर्यंत वाळूची घमेली उचलत होती. आता बाच्या शेजारी पाय लांब करून बसली होती.

'मजूर शे' ऐकलं तेव्हा आधी दादाचा राग आला. मग आजीच्या गुडघ्यांकडे लक्ष गेलं आणि माझीच शिसारी आली. तो बाला जे करत होता, ते मी आजीला कालच करून आले होते.

मी बाचं ताट उचललं, मांडवात गेले आणि पाहुण्यांच्या टेबलावर ठेवलं. सगळ्यांना समजेल अशा मराठीत बोलले, "तो मजूर नाही. याचा सख्खा काका आहे. लाहेला आलाय."

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. दादा उठून जवळ आला. हळूच म्हणाला, "उद्या मुलाखत आहे ना तुझी?"

"आहे. तू नको बघू माझं."

मला वाटलं, लाहेला आलेले सगळे घमेली टाकून निघतील. तिघंच निघाले. बा उठला, हात धोतराला पुसले आणि परत स्लॅबवर चढला. मी म्हणाले, बा, चल घरी. म्हणाला, "स्लॅब अर्धा सोडला तर गळतो. लाह दिली की पुरी करायची. त्याने सोडली म्हणून मी सोडू?" दिवस मावळेपर्यंत तो घमेली देत राहिला. मी झिंगीआजीला घरी पोचवलं.

नोकरी मिळाली नाही. दादाला तिकीट मिळालं.

आजीला मी सगळं कबूल केलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही.

उद्या तिच्या घराची कौलं फेरायची लाह आहे. तिला चालवत नाही, म्हणून तिच्या वतीने आज मी दारोदार जाणार, दादाच्याही दारात. आला तर आमच्याबरोबर कौलं वाहील, आजीच्या गोठ्याशेजारी आमच्याच पंगतीत जेवेल. नाही आला, तर त्याच्या घरासाठी या पाड्यातून पुन्हा एक घमेलं उचललं जाऊ देणार नाही, मग त्याच्या हातात कुठलीही यादी असो.

आणि प्रत्येक दारात एक सांगणार आहे. कधी माझी लाह असली आणि मी दुसऱ्या कुणाला बोलवायला पाठवलं, तर येऊ नका.