लाल्या देवापुढं बसला

माझा बैल देवापुढं बसला तेव्हा मले देवाचाच राग आला, हे आधीच सांगून टाकतो. शाळा मी दुसरीपर्यंत पाहिली, लिहिणं काही माझं काम नाई. पण त्या दिवशी अंगात जी थरथर शिरली ते अजून पुरती निघाली नाई, म्हणून जमेल तसं लिहून राह्यलो.

वैनगंगेच्या काठी, जंगलाच्या तोंडाशी आमच्या महादेवाचं ठाणं आहे. यात्रेत तिथं शंकरपट भरते. मधात काही वर्षं पट बंद होते, आता परवानगीनं पुन्हा सुरू झाले. बैलजोडी हलक्या छकड्याले जुंपतात आणि एक माणूस वर उभा राहून भरधाव हाकते. त्याले धुरकरी म्हणतात. माझा धुरकरी माझा मुलगा शालिक. जिंकल्यावर पागोटं मात्र मालकाले बांधतात, आणि मालक मी. शालिकची पोरगी प्रणाली ब्रह्मपुरीले कॉलेजात शिकते. त्या सकाळी बैलाची शिंगं रंगवता रंगवता ते सांगत होती की ग्रीस नावाच्या देशात फार जुन्या काळी देवाच्या ठिकाणी अशीच जत्रा भरे, माणसं पळत, कुस्त्या होत, घोड्याचे रथ पळत. जत्रेले येणाऱ्या-जाणाऱ्याले वैऱ्यानंही हात लावू नये असा दंडक होता. बक्षीस काय, तर झाडाच्या पानाचा मुकुट. आणि रथ हाकणारा जीव धोक्यात घाले, पण मुकुट चढे घोड्याच्या मालकाच्या डोक्यावर. मी म्हटलं, बरोबरच आहे, शहाणे लोक होते. पोरगी हसली नाई. मी तिच्या हसण्याची वाट पाहत होतो.

आमच्या ठाण्याचा एक रिवाज आहे. पटात उतरायच्या आधी जुंपलेली जोडी देवळाभोवती फिरवतात. फिरता फिरता एखादा बैल देवापुढं बसला, तर तो देवानं मागितला असं समजतात. मग मालकानं आपल्या हातानं त्याची वेसण काढायची आणि मागं न पाहता निघायचं. त्या बैलाच्या मानेवर पुन्हा जू चढत नाई. म्हाताऱ्यांच्या तोंडून हे ऐकलं होतं, डोळ्यानं कधी पाहिलं नव्हतं.

शालिक पुढं चालत होता, मी बाजूनं. नंदीपाशी आलो आणि जोडीतल्या लाल्यानं पुढचे गुडघे टेकले. मले वाटलं, ठेचाळला. मग मागचाही भाग खाली घेतला आणि आपल्या गोठ्यात बसावा तसा बसून रवंथ कराले लागला. वाजंत्री थांबली. लाल्या म्हणजे माझ्या हातावर वाढलेलं गोऱ्हं. त्याच्या जोरावर मी गावात मान वर करून हिंडत होतो. मी शेपटी पिळली, पुठ्ठ्यावर थापा मारल्या, शिव्या घातल्या. तो कान हलवे, उठे नाई. गर्दीतून कोणीतरी म्हटलं, "भाऊ, देवाचं मागणं बैलाले समजलं, मालकाले कधी समजन?" लोक हसले. ते हसणं माझ्या कानात तापल्या शिशासारखं उतरलं.

ठाण्याची पूजा पिढ्यान्‌पिढ्या गोंडाचा भुमका करते. तो म्हातारा पुढं आला आणि हळूच बोलला, "भाऊ, वेसण काढ. त्यानं मागितला." मी म्हटलं, "देवाले बैल पायजे तर त्यानं वासरू पोसावं. मी पोसलं आहे." असं मी देवळापुढं बोललो. शालिक म्हणे, "बाबा, राहू द्या ना." मी त्याले गप्प केलं आणि लाल्याले उठवाले जुवाखाली खांदा घातला.

ते जू तिवसाच्या लाकडाचं, माझ्या हातचं. शालिक मागं नवीन घेऊ म्हणाला होता, मी घेऊ दिलं नाई. दरसाल तेल पाजून ते असं चकचकीत ठेवलं होतं की लोक हात फिरवून पाहत. मी खांद्यानं रेटा दिला आणि ते मधोमध पापडासारखं मोडलं. लाकूड मोडल्याचा धड आवाजही झाला नाई. आतून भुंग्यानं पोखरून नुसतं पीठ केलं होतं. ते पीठ लाल्याच्या मानेवर सांडलं, माझ्या हातावर सांडलं.

पटातल्या माणसाले सांगावं लागत नाई. जोडी भरधाव असताना जू मोडलं तर छकडा उलटते आणि धुरकरी चाकाखाली येते. मी शालिककडं पाहिलं. डोक्याले नवा दुपट्टा बांधून तो छकड्यावर चढाले तयार उभा होता. प्रणाली त्याच्या बाहीले धरून होती. मी लाल्याच्या बाजूले, तसाच मातीत, बसलो. भुमक्यानं पाण्याचा लोटा तोंडाशी धरला तेव्हा दात लोट्यावर वाजत होते.

मग मी वेसण काढली. गाठ सुटेना, तर लाल्यानं आपलं नाक माझ्या मांडीवर आणून ठेवलं. गाठ सुटली तसा तो उठला, अंग झाडलं आणि नदीकडं निघाला. मी गावाकडं वळलो, मागं पाहिलं नाई.

कोणी म्हणते, बैल थकला असन, म्हणून बसला. असन. मी कोणाशी भांडत नाई. मले एवढंच समजते की मी देवाले काही दिलं नाई. मी तर शेवटपर्यंत ओढत होतो. त्यानं माझ्या घट्ट मुठीतून एक काढून घेतलं आणि दुसरं, जे मी कधी मोजलंच नव्हतं, ते तसंच माझ्या घरात राहू दिलं. आपलं म्हणून धरलेलं सोडावं लागते तेव्हा त्यानं आपल्यासाठी काय राखलं ते दिसते. मले ते फार उशिरा दिसलं, पण दिसलं.

संध्याकाळी शालिक जेवाले बसते तेव्हा मी त्याच्याकडं पाहत राहतो. माझा घास हातातच राहते. परवा तो म्हणे, "बाबा, काऊन असे पाहून राह्यले?" उभ्या जन्मात मी कोणाले जेवण वाढलं नव्हतं. उठलो, आणि त्याच्या ताटात भात वाढला.