फरीदाबादची गाय

मी घर सोडलं तेव्हा आई गोठ्यात धार काढत होती. धार अर्धी टाकून उठायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मग मुलगा दिल्लीकडे का निघालेला असेना. मी वळकटी खांद्यावर घेऊन गोठ्याच्या तोंडाशी उभा राहिलो. चरवीतला दुधाचा आवाज थांबला नाही, तिने मानही वळवली नाही. एवढंच विचारलं, "तिकडं दूध मिळंल न्हवं?" मी म्हणालो, "मिळंल की." झालं. आमचा निरोप एवढाच.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, मी चौथी शिकलेला माणूस. कोल्हापुरात पॅटर्नचं काम शिकलो आणि फरीदाबादच्या एका फौंड्रीत लागलो. पॅटर्न म्हणजे लाकडी नमुना. तो वाळूत दाबून साचा करतात, साच्यात लोखंड ओततात. लोखंड गार होताना आकसतं, म्हणून नमुना जरासा मोठा करावा लागतो. किती मोठा, ते ज्याला कळलं तो कारागीर. माझा एकही पॅटर्न परत आला नाही. बढाई म्हणून सांगत नाही... नाही, बढाई म्हणूनच सांगतो. का सांगू नये?

आता मी निवृत्त. माझी नात रेवा साहित्यात एम.ए. करते, रोज मेट्रोने दिल्लीला जाते. इथेच वाढलेली पोर, मराठी अडखळत वाचायची. पण दोन वर्षांत तिने कादंबऱ्यांचा फडशा पाडला. बाल्कनीत माझ्याशेजारी बसून मोठ्याने वाचते, पेन्सिलीने खुणा करते. एकदा म्हणाली, "आजोबा, या बाईंच्या तिन्ही कादंबऱ्यांत लोक घर सोडतात, पण घर कसं होतं ते एकदाही सांगत नाहीत. मुद्दाम, बिल्कुल मुद्दाम." दुसरं पुस्तक बाजूला ठेवून म्हणाली, "इथे लेखक घाबरला, यार." आजोबाला यार! आम्ही ओतलेला भाग हातोडीने ठोकून बघायचो; आत तडा असला की आवाज बद्द यायचा. ही पोरगी कादंबरी तशी ठोकते. मला तिचं फार कौतुक वाटतं. तिला तसं सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल.

या वर्षी तिला वर्गापुढे एक निबंध वाचायचा होता. विषय असा, की कादंबरी कोण रचतं, लिहिणारा की वाचणारा. सरांनी पहिला मसुदा परत दिला होता. "सगळं पुस्तकातलं आहे, तुझं काय आहे?" म्हणाले. तेवढ्यात ती गावी लग्नाला गेली आणि माझ्या धाकट्या भावाकडून, बापूकडून, मी आईला लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा घेऊन आली. आईची उत्तरं माझ्या ट्रंकेत होती. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. वाचून दाखवणारा आणि उत्तर लिहिणारा बापूच. रेवाने दोन्ही गठ्ठे तारखेने लावले, दोन दिवस वाचले आणि माझ्यापुढे येऊन बसली.

"आजोबा, ही गाय कुठली?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"तुमच्या पत्रात गाय नाहीच. आधी पणजी विचारते, 'घरमालकाची गाय अजून दूध देते का?' मग तुम्ही लिहिता, 'देते, दोन्ही वेळा.' पुढे तिला कालवड होते, तिचं नाव ठेवता, ती लाथ मारते. अच्छा, म्हणजे गाय होती?"

नव्हती. एका खोलीत आम्ही सहाजण, चहासुद्धा काळा. आईने गायीचं विचारलं तेव्हा मला वाटलं, तिची काहीतरी गल्लत झाली. पण 'नाही' लिहिलं असतं तर पोराला दूध मिळत नाही हे तिला कळलं असतं. म्हणून 'देते' लिहिलं. एकदा देते लिहिल्यावर गाय सांभाळावीच लागते. पुढे रजेवर गेलो तर आईने त्या गायीसाठी अंबाडीचं दावं वळून ठेवलेलं. तेही घेऊन आलो. आई गेली, तिला खरं सांगायचं राहिलं.

रेवा म्हणाली, "मी हे वर्गात वाचू?"

"आईशी खोटं बोललो ते चारचौघांत वाचणार? जमणार नाही."

"प्लीज, आजोबा."

"नाही म्हणजे नाही."

दोन दिवस घरात बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी तिने बापूला फोन लावला आणि स्पीकर माझ्यापुढे धरला. मी इतक्या वर्षांत त्याला गायीबद्दल कधी विचारलं नव्हतं. थोरल्याने धाकट्याला काय विचारायचं?

बापू हसायला लागला. "दादा, तुझं पत्र म्हंजे काय असायचं? 'मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल राहा.' संपलं. आई माझ्या तोंडाकडं बघत बसायची. म्हणायची, मागल्या बाजूला बघ, आणखी काय लिवलंय का. तिला दुधाची काळजी. मग मी गाय घातली."

"तू घातलीस?"

"तर! घरमालकाची गाय हाय, दादाला रोज तांब्याभर दूध देत्यात, असं वाचलं. आणि तुझं उत्तर आलं, दोन्ही वेळा देते! मला वाटलं, च्यायला, खरंच गाय हाय. मी काय थाप मारली न्हाई!"

रेवा पोट धरून हसली. मला हसू आलं आणि डोळेही भरले. इतकी वर्षं मी एकट्याच्या डोक्यावर ते खोटं वाहत होतो. लोखंड आकसतं म्हणून मी नमुना मोठा करायचो, आणि माझी दोन ओळींची आकसलेली पत्रं माझा भाऊ तिकडे मोठी करत होता. हा माझ्याहून चांगला कारागीर निघाला. हे त्याला फोनवर म्हणालो.

मग मी रेवाला परवानगी दिली, एका अटीवर. गाय खोटी होती, हे शब्द वापरायचे नाहीत.

काल तिने निबंध वाचला. दुपारी तिथूनच फोन आला. मागे पोरापोरींचा गलका. "आजोबा, सरांना आवडलं! पण सगळे विचारतायत, शेवटच्या पत्रात गाय गाभण आहे. पुढे काय झालं तिचं?"

आई गेल्यावर पत्रं लिहिणं थांबलं, मग गाय जाणार कुठे? मी ट्रंक उघडली. गावी माझ्या वाटणीच्या जागेवर आता बापूचं सिमेंटचं घर आहे, तो गोठाही नाही. घर कुठलं म्हणून कोणी विचारलं की मी इतके दिवस अडायचो. दावं हातात घेतलं. इथे पाच खोल्या बदलल्या, दर वेळी वळकटी यानेच बांधली. अजून पीळ सुटलेला नाही.

"आहे म्हणावं," मी म्हणालो. "आमच्याकडेच आहे. आणि संध्याकाळी लवकर ये, बापूला पत्र लिहायचंय. या वेळी मी सांगतो, तू लिही."