दूध सोसायटीतला वेस्ट इंडियन

आमच्या सोसायटीत दूध तपासणारा गडी वेस्ट इंडीजच्या एका मिश्कील फास्ट बॉलरचा भक्त होता. दुधातलं पाणी ओळखायचा काटा सोडताना रोज तेच सांगायचा, "बॉल टाकायच्या आधीच रन घ्यायला बॅट्समन क्रीज सोडून पळाला. आपल्या बॉलरनं आउट न्हाई केलं, नुसता हसला. मॅच गेली, पर लई मोठा माणूस!"

दुष्काळाच्या साली माझ्या दुधात काटा खोल बुडाला. मागं रांगेत सगळं गाव उभं. तो मोठ्यानं म्हणाला, "नासलंय तुझं दूध, घरी ने!" मग कानाशी वाकून हसला, "दुष्काळात पाणी गावलं कुठं रं? क्रीजमध्ये ऱ्हा."

तेव्हापासून मीही त्या बॉलरचा भक्त आहे. त्याचा एकही बॉल मी पाहिलेला नाही.