ढब्बूचा भार

ढब्बू हा माझा ग्रेट डेन जातीचा कुत्रा. चारही पायांवर उभा असला तरी त्याचं डोकं माझ्या छातीशी येतं. लिफ्टचं दार उघडून तो दिसला की इमारतीतले लोक हसून "तुम्ही व्हा पुढे" म्हणतात आणि मागे सरतात. त्यामुळे बायको वारल्यापासून माझं खाली-वर जाणंसुद्धा एकट्याचंच झालं आहे.

आज सकाळी मात्र सहाव्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या एक बाई सरळ आत आल्या. सत्तरीच्या असतील. ढब्बूने त्यांना हुंगलं आणि नेहमीच्या सवयीने सगळं अंग त्यांच्यावर टाकलं. त्या मागच्या भिंतीला टेकल्या.

"माफ करा हं, ओढतो त्याला," मी घाईने म्हणालो.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "किती दिवसांनी कुणीतरी असं अंगावर रेललंय."

मी पट्टा सैल सोडला. एकट्या माणसाशी सगळे चांगलंच वागतात, पण जरा अंतर ठेवून. आपला भार त्याच्यावर कुणी टाकत नाही. संध्याकाळी ढब्बू माझ्या पायाला टेकून उभा राहतो, तेव्हा पाय बधिर झाला तरी मी का हलत नाही, ते मला तिथे उमगलं.

लिफ्ट तळमजल्यावर आली. दार उघडलं. बाईंचा हात ढब्बूच्या मानेवर होता.

"तुम्हाला घाई नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "कसलीच नाही."

दार आपोआप पुन्हा मिटलं.