बॅटऱ्या गारठल्या तेव्हा

व्हर्लिन हॉगस्टाडला यंत्रांचं भारी वेड. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर तेच हात बदकांच्या शिकारीमागे लागले. गोठलेल्या तळ्यात पाणी घुसळून मोकळं ठेवणारी मोटर, खऱ्या बदकांना भुलवायला पंख फिरवणारी खोटी बदकं आणि सगळ्यांना मिळून एक रिमोट. अमेरिकेतल्या डकोटातली तळी गोठली की बाकीचे शिकारी बंदुका पुसून ठेवत, तेव्हा याला खरा जोर चढे.

यंदा मात्र त्याला स्वतःसाठी काही नको होतं. त्याची कुत्री गर्टी चौदा वर्षांची झाली होती, पुढचा हिवाळा काही ती बघणार नव्हती. पडलेलं बदक तोंडात धरून आणणं हे तिचं काम, पण या हंगामात तिच्या तोंडाला एकही बदक लागलं नव्हतं, आणि आज हंगामाचा शेवटचा दिवस.

त्याने करवतीने लव्हाळ्यांना लागून बर्फ कापला. लाद्या एकेक करून बर्फाखाली सरकवल्या, कारण वर ढीग दिसला की बदकं बिचकतात. मग ऐटीत रिमोट दाबला. मोटरने एक उचकी दिली आणि गप्प झाली. खोटी बदकंही ढिम्म.

"गारठल्या बॅटऱ्या," तो मटकन खाली बसला. "रोज रात्री स्वयंपाकघरात असतात, म्हणून चालतात गं त्या."

त्याची बायको आर्डिस नुसती कॉफी प्यायला सोबत आली होती. तिचा चेहरा पडला. नाताळच्या बटाट्याच्या पोळ्या लाटायला टेबल हवं म्हणून काल तिनेच बॅटऱ्या गॅरेजमध्ये हाकलल्या होत्या.

"मग आता?"

"आता काय! पाणी हललं नाही तर लगेच पुन्हा गोठेल. आणि स्थिर पाण्यावर बदक उतरत नाही."

आर्डिसने कप ठेवला, गाडीतले जादाचे रबरी बूट कमरेपर्यंत चढवले आणि लव्हाळ्यांच्या आडोशाला गुडघाभर पाण्यात उतरून दाणदाण पाय आपटायला लागली.

व्हर्लिन बघतच राहिला. "एक्केचाळीस वर्षं प्रत्येक लग्नात तुला नाचायला बोलावतोय मी!"

"नाच कसला, मेल्या? घुसळतेय मी. तोंड बंद ठेव आणि वर बघ!"

वर हिरव्या डोक्यांची पाच बदकं होती. दोन घिरट्या घालून, पाय पुढे काढून ती उतरायला लागली. व्हर्लिनने एकच गोळी झाडली. एक बदक पाण्यात पडलं आणि गर्टी, जी सकाळी पायरीसुद्धा चढू शकली नव्हती, तिने धपकन उडी घेतली. सावकाश पोहत, मान उंच धरून ती परत आली. व्हर्लिनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने हात पुढे केला, पण गर्टी त्याला वळसा घालून गेली आणि तिने बदक आर्डिसच्या हातात दिलं.

गाडीत गर्टीची जागा मागे, हा आर्डिसचाच नियम. तिने आपली शाल पुढच्या सीटवर अंथरली, गर्टीला उचलून वर बसवलं आणि किल्लीसाठी हात पसरला.

"गाडी मी चालवते. तू मागे बस, बॅटऱ्यांना ऊब दे."

व्हर्लिन सगळ्या बॅटऱ्या मांडीवर घेऊन मागे बसला. समोर गर्टीचं ओलं डोकं आर्डिसच्या कुशीत टेकलं होतं. घर येईपर्यंत तो एकटाच हसत होता.