हात काढल्यावर

माझी धाकटी बहीण वसू सकाळपासून खिडकीशी उभी होती. पुठ्ठ्यावर तांब्याची पट्टी चिकटवून तिनं टीव्हीसाठी तळहाताएवढा अँटेना बनवला होता. तो बोटांत धरला की चित्र लख्ख दिसायचं, सोडला की पडदा काळा.

"मग धरून उभी राहा ना, बातम्या संपेपर्यंत," आई म्हणाली.

"हात लावला की माझा हातच अँटेना होतो, आई. तो काढल्यावर चित्र टिकलं पाहिजे."

पूर्वी गच्चीवरचा अँटेना वाऱ्यानं फिरला की पडद्यावर मुंग्या यायच्या, आणि त्या मुंग्यांतूनही आम्ही माणसं ओळखायचो. या डिजिटल चित्राला अर्धंमुर्धं येणं ठाऊक नाही. मला वाटलं, कितीतरी गोष्टी कुणीतरी धरून ठेवल्यामुळे चालतात, आणि आपण बेलाशक म्हणतो, चाललंय की. वसू तसं म्हणायला तयार नव्हती.

तिनं पट्टी पुन्हा कापली, वळवली, चिकटवली आणि खिडकीत धरली. चित्र आलं. बातम्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. आई खुर्चीत पुढे सरकली, क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, "हं. काढ आता हात."